जाऊबाईंनी शिकवलेला स्टोव्ह

कल्याणहून माणूस निरोप घेऊन आला तेव्हा मी स्टोव्हपाशीच बसले होते. जाऊबाई माहेरी तापाने गेल्या, एवढेच तो बोलला. मी आधी किल्ली सैल करून जाळ विझवला आणि मगच रडले... त्याला आता सहा आठवडे होत आले.

ठाण्याला आमच्या घरी मामंजींनी हा पितळी स्टोव्ह मुंबईहून आणला, तेव्हा आळीत दुसरा नव्हता. घासलेटावर फरफरणारे ते यंत्र पाहायला बायका यायच्या आणि दारातूनच परत जायच्या. सासूबाई तर त्याच्या जवळही जात नसत. पेटवायचे काम थोरल्या जाऊबाईंकडे आले आणि मी लग्न होऊन आल्यावर त्यांनी ते मला शिकवायला घेतले. पदर कमरेला घट्ट खोचायचा, घासलेटाची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवून यायची, स्टोव्हच्या वाटीत स्पिरिट ओतून काडी लावायची आणि वरची नळी तापेपर्यंत तोंड बाजूला करून थांबायचे. स्पिरिट जळत संपत आले की किल्ली आवळायची, आणि हवा भरायला दट्ट्या मारायचा तो त्यानंतरच. सगळे जमे, पण थांबणे काही मला जमत नसे.

एका सकाळी मामंजींना कचेरीत लवकर जायचे होते. मी घाईने, नळी पुरती तापायच्या आतच दट्ट्या मारला. घासलेटाची चिळकांडी उडाली आणि जाळ माझ्या तोंडासमोरून आढ्याकडे गेला. मला ओरडताही येईना. हात दट्ट्यावर तसाच राहिला. जाऊबाई धावत आल्या, एका हाताने त्यांनी मला मागे ओढले आणि दुसरा जाळाखाली घालून किल्ली फिरवली. जाळ बसला. त्यांच्या मनगटाची कातडी मात्र सोलून निघाली होती. सासूबाई म्हणाल्या, ही अवदसा घराबाहेर काढा. चौथ्या दिवशी हाताला फडके बांधून जाऊबाईंनी मला पुन्हा तिथेच बसवले.

या बाईला भीती ठाऊकच नाही, असे मला कितीतरी वर्षे वाटत आले. त्या आजारी पडल्यावर कल्याणला भेटायला गेले, तेव्हा मी तसे बोलूनही दाखवले. त्या क्षीण हसल्या.

"अगं, काडी ओढताना रोज पोटात गोळा यायचा माझ्या. म्हणून तर थांबता यायचं."

ती आमची शेवटची भेट.

त्यांची यमू आता माझ्याजवळ असते, दहा वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात तिने विचारले, "काकू, मी पेटवू?" नाही म्हणायला मी तोंड उघडले, आणि काडेपेटी तिच्यापुढे धरली. परकर आवरून ती बसली, तोंड बाजूला केले. काडी ओढताना तिचा हात थरथरत होता... ते पाहून मला जरा धीर आला.