सवतीचं पाणी

आमच्या राजुऱ्यात मोटार-वाइंडिंगची दुकानं बरीच आहेत, पण निव्वळ हौसेपायी घरात वीज कडकडवणारे सोमाजीभाऊ एकटेच. माझी नि त्यांची भिंत एक, म्हणून हे सगळं मला ठाऊक. दुकान मुलाकडे दिल्यावर त्यांनी तांब्याच्या तारेची कंबरभर उंच कॉइल गुंडाळली. बटण दाबलं की तिच्या माथ्यावरून हातभर जांभळी ठिणगी तडतडत सुटायची. बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी अख्खी गल्ली त्यांच्या अंगणात जमायची. काय दिवस होते ते!

या कॉइलला अर्थिंग फक्कड लागतं, तेही वेगळं. पहिल्या वर्षी भाऊंनी घराच्याच अर्थिंगला जोडलं आणि आमचा टीव्ही गेला. मी आठवडाभर बोललो नाही. मग त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यातल्या पपईजवळ खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून तांब्याची पाटी पुरली.

अंजनाबाई, म्हणजे त्यांची बायको, कॉइलला सवत म्हणायच्या. रोज तांदळाचं धुवण त्या पपईला घालायच्या आणि भाऊ ओरडायचे, "माह्या पाटीवर चिखल काऊन करून राह्यली वो?"

"पपईले टाकून राह्यली. सवतीनं प्यालं तं पिऊ द्या!"

मागच्या थंडीत अंजनाबाई गेल्या. उन्हाळा चढला तशी ठिणगी बोटभर उरली. भाऊंनी सगळी तार उलगडून पुन्हा गुंडाळली, कपॅसिटर बदलले, पण फरक पडेना. पौर्णिमा तोंडावर आली.

"यंदापासून बंदच करतो," ते म्हणाले. "अंजना गेली, हेही गेलं."

मला ते ऐकवेना. मी चिडून म्हणालो, "करा बंद! पपई वाळवली तशी हेही वाळवा."

भाऊंनी कोपऱ्याकडे पाहिलं. पपई उभ्या उभ्या वाळली होती आणि बुडाशी काळ्या मातीला बोटं जातील एवढ्या भेगा पडल्या होत्या. ते तिथंच खाली बसले.

"पाटी कोरडी पडली ना. कोरड्या मातीत अर्थिंग धरत नाई. ओली तं अंजनाच ठेवत होती. अन् मी तिच्यावरच ओरडत होतो."

पौर्णिमेपर्यंत आम्ही दोघांनी तिथं बादल्या ओतल्या. त्या संध्याकाळी ठिणगी हातभर सुटली, पोरं किंचाळली. भाऊ मात्र पपईकडे तोंड करून रडत होते. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

आता भाऊ रोज स्वतः तांदूळ धुतात आणि धुवण तिथं नेऊन ओततात. परवा मी म्हटलं, "नळाची नळीच सोडून द्या की."

"पाटीले नळाचं चालते," ते म्हणाले. "मले नाई चालत."