नव्या टायरवरचे केस

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, हे मला काल कळलं. तेही पन्नाशी उलटल्यावर. अनोळखी दुकानदाराने टायर पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "हात फिरवून बघा, साहेब. पटलं तरच घ्या." ते केस बोटांना लागले.

थंडीत घाटातून जायचं म्हणून मागच्या महिन्यात मी चार दुकानं फिरलो होतो. कुठला टायर ओल्या रस्त्यावर धरतो, कुठला जास्त टिकतो, सगळं विचारलं होतं. तेवढ्यात विलास रागावला. शाळेपासूनचा मित्र, त्याचंच टायरचं दुकान. "आपला माणूस असताना बाहेरून घेणार?" मी त्याच्याकडच्या टायरला सहज हात लावायला गेलो, तर हसून म्हणाला, "आता माझाही माल तपासणार का रे?" मी ओशाळून हात मागे घेतला आणि चारही टायर त्याच्याकडूनच बसवून घेतले.

परवा सकाळी दवाने भिजलेल्या वळणावर गाडी घसरली, ती कठड्याला घासूनच थांबली. मागे बायको आणि मुलगी होत्या. उतरून नीट पाहिलं, तर झिजलेल्या टायरांवर नव्या खाचा कोरून वर काळं पॉलिश फासलेलं होतं.

परक्याला आपण पारखून घेतो. आपल्या माणसाला मात्र नुसतं 'आपला' म्हणतो, की झालं.

काल परतताना विलासच्या दुकानासमोर सिग्नल लागला. एक गिऱ्हाईक टायरकडे हात नेत होतं. विलास हसून काहीतरी म्हणाला. काचा बंद होत्या, तरी मला ऐकू आलं. त्या माणसाने ओशाळून हात मागे घेतला.