मंगलचं काम केलेली नेत्रावती

भालकी-हुमनाबाद रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या बायकांना नेत्रावती कंडक्टर माहीत आहे. गाडी कितीही भरलेली असो, पोटुशी बाई चढली की ती कुणाला तरी उठवून जागा करून देतेच. सरकारनं बायकांना प्रवास फुकट केल्यापासून गर्दी वाढली, दारातली भांडणं वाढली, पण आधार कार्ड घरी विसरलेल्या म्हातारीवर ती खेकसली असं मी कधी ऐकलं नाही. मला सांगायचंय ते तिच्या पंधराव्या वर्षाचं आणि त्याच्या पुढचं. त्यात माझाही हात आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मी खटकचिंचोळीत मराठीचा मास्तर होतो. तानाजी सर म्हटलं की आजही लोक ओळखतात. दोन हजार दहा साली मन्नाएखेळ्ळीचा बसवेश माझ्याकडे आला. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणं हा त्याचा धंदा, पण डोक्यात वेगळंच खूळ शिरलं होतं. त्याला तालुक्याच्या केबलवर शाळकरी पोरापोरींची मालिका दाखवायची होती. भाषा आपली, घरात बोलतात तशी, मराठीत कन्नड मिसळलेली. मी लिहायचं, शाळेतल्या पोरांनी काम करायचं आणि दर रविवारी संध्याकाळी एक भाग दाखवायचा. तेरा भाग ठरले. नाव ठेवलं ‘दुसरी घंटा’.

मला गोष्ट काही सुचेना. मग मी दहावीच्या वर्गाला सांगितलं, आपण केलेली एखादी गोष्ट परत घेता आली तर बरं होईल असं वाटत असेल तर ती लिहा. कागदावर नाव घालू नका. बहुतेकांनी कैऱ्या चोरल्याचं आणि धाकट्या भावाला मारल्याचं लिहिलं. एका कागदावर मात्र दहा-बारा ओळीच होत्या. खो-खोच्या तालुका संघात मैत्रिणीचं नाव लागलं, माझं लागलं नाही. मला ते सहन झालं नाही. मी तिच्या वडिलांना जाऊन सांगितलं, ‘तुमची पोरगी मैदानावर खेळायला न्हाई, पोरांसंगं बोलायला जायलीय.’ ते खोटं होतं. त्यांनी तिची शाळा बंद केली. मी सांगितलं हे तिला अजून माहीत नाही.

अक्षर नेत्रावतीचं होतं. मास्तराला अक्षर ओळखायला वेळ लागत नाही. कुणाविषयी लिहिलंय तेही क्षणभर विचार केला असता तर कळलं असतं, कारण आदल्या वर्षी शाळा सुटलेली खो-खोवाली पोरगी एकच होती. तो विचार मी केला नाही. मला मालिकेची गोष्ट सापडली होती आणि त्या आनंदात मी त्या कागदातलं वाक्य जसंच्या तसं लिहून काढलं. लिहिणाऱ्या पोरीला विचारलंही नाही.

मालिकेत मंगल नावाची पोरगी मैत्रिणीविषयी खोटं सांगते, ते उघडं पडतं, मंगल पस्तावते आणि शेवटच्या भागात मैत्रीण तिला माफ करते, असा माझा बेत होता. मंगलचं काम करायला एकही पोरगी तयार होईना. गावात नाव खराब होईल, अशी सगळ्यांना धास्ती. शेवटी मागून एक हात वर झाला. नेत्रावतीचा. पुढं कधीतरी तिनं मला सांगितलं, सगळ्यांसमोर एकदा ते वाक्य तोंडातून काढलं की छातीवरचं ओझं उतरेल असं तिला वाटलं होतं.

मैत्रिणीच्या, म्हणजे शारदाच्या कामासाठी बसवेशनं आपल्या मनानं पोरगी निवडली. वर्षभर घरी बसून, खेळायचं नाही या अटीवर परत शाळेत आलेली, आता एक इयत्ता मागं पडलेली सुधारानी. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा टिकतो, असं त्याचं म्हणणं. मी अडवलं नाही. नेत्रावतीलाही माघार घेता येईना, कारण माघार घ्यायची तर कारण सांगावं लागलं असतं.

मी आठवड्याला एक भाग लिहायचो, त्यामुळं पोरांना पुढचं काही माहीत नसायचं. पाचव्या भागाचे कागद मी शाळेच्या मैदानावर वाटले. सुधारानी वाचता वाचता थांबली. ती माझ्याजवळ आली आणि तिनं त्या वाक्यावर बोट ठेवून विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं. एका मुलाच्या लेखनातून घेतलंय, असं मी म्हणालो. ती म्हणाली, “सर, हेच वाक्य माझे अप्पा मला बोलले होते. एक शब्द इकडचा तिकडं न्हाई.”

तिनं मान वळवून नेत्रावतीकडं पाहिलं. नेत्रावतीनं मान खाली घातली. दोघींत तेवढंच झालं. सुधारानी हापशावर गेली, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन बसवेशला म्हणाली, कॅमेरा सुरू करा. त्या दिवशी मी तिला घरी पाठवायला हवं होतं. मी पाठवलं नाही, ती गेलीही नाही.

त्यानंतर कॅमेऱ्यासमोर दोघी बोलायच्या, कॅमेरा बंद झाला की सुधारानी तिच्याशी एक अक्षर बोलायची नाही. इकडं मालिका गाजली. रविवारी संध्याकाळी केबल असलेल्या घराच्या ओसरीवर माणसं मावायची नाहीत. मंगलचा राग लोक नेत्रावतीवर काढायला लागले. शेजारच्या सिद्धव्वानं तिच्या आईला जाऊन सांगितलं की तुझ्या पोरीला माझ्या नातीपासून लांब ठेव. बाजारात बायका तिच्याकडं बघून कुजबुजायच्या. हे फक्त नाटक आहे, असं तिनं कुणाला कधी सांगितलं नाही. लोक चुकून का होईना खऱ्यावरच बोट ठेवायलेत, असं तिला वाटायचं.

तेराव्या भागाचं शूटिंग शाळेच्या पायऱ्यांवर होतं. मंगल खाली बसून हात जोडते, शारदा तिला उठवून जवळ घेते आणि म्हणते, झालं गेलं विसरले मी. असं मी लिहिलं होतं. नेत्रावतीनं आपलं बोलणं नीट केलं. सुधारानी उभीच राहिली. मग ती कागदात नसलेलं बोलली.

“मंगल, तू बदललीस, मला दिसायलंय ते. पण मला माफ करता येत न्हाई. आज तरी न्हाई.”

नेत्रावती एवढंच म्हणाली, “व्हय.”

बसवेशनं पुन्हा घेऊ म्हटलं, मीही सुधारानीला समजावलं की बघणाऱ्यांना शेवट गोड लागतो. ती म्हणाली की तुमचं वाक्य माझ्या तोंडातून येत नाही, सर, ते माझं नाही. मला त्याक्षणी राग आला. नंतर मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि बसवेशला सांगितलं, जसं झालंय तसंच दाखव. भाग दाखवल्यावर महिनाभर लोक मला रस्त्यात अडवून हा कसला शेवट म्हणून विचारायचे.

मात्र तो भाग केबलवर येण्याच्या आधीच नेत्रावती एक गोष्ट करून बसली होती. शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी ती सुधारानीच्या वडिलांकडं, गुरप्पांकडं गेली. त्यांची पिठाची गिरणी होती. मागं तिनं खोटं सांगितलं तेही त्याच गिरणीत, दळण घेऊन गेली असताना. पुढचं मला गुरप्पांनीच सांगितलं. गिरणी चालू होती, तिचं बोलणं ऐकू येईना, म्हणून त्यांनी गिरणी बंद केली. रांगेतल्या चार बायांसमोर ती पोरगी म्हणाली, “गुरप्पाकाका, सुधाविषयी मी तुमाला खोटं सांगितले. ती कुणासंगं बोलत नव्हती. मला तिचा मत्सर वाटला.”

गुरप्पा बराच वेळ पिठाचे हात झटकत राहिले. तिला मारावं असं आधी त्यांच्या मनात आलं होतं. मग ते म्हणाले, “तुझं खोटं ते तुझं. पण मी माझ्या पोरीला एक शब्द इचारलो न्हाई. ते माझं.”

त्याच आठवड्यात ते स्वतः शाळेत आले आणि खेळाच्या सरांना म्हणाले, पोरीचं नाव परत घाला. सुधारानीचं त्या वयोगटातलं वर्ष गेलं ते गेलंच. पण ती पुढं कॉलेजकडून खेळली, शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला आणि आज दुबलगुंडीकडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. खांबावर तिच्यासारखा सूर मारणारी पोरगी मी नंतर पाहिली नाही.

नेत्रावतीला मी पुढं भेटून तिची माफी मागितली, न विचारता कागद वापरला म्हणून. ती गडबडून गेली. मास्तरानं माफी मागायची असते हे तिला ठाऊक नव्हतं. सुधारानीचीही मागितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की सर, निदान तुम्ही माझा शेवट बदलला नाही. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

नेत्रावती दोन हजार सतरा साली कंडक्टर झाली. नोकरीचा रस्ता नेमका असा मिळाला की सुधारानी रोज सकाळी तिच्याच गाडीत चढायची. वर्षानुवर्षं हे चाललं. नेत्रावती मशीनमधून तिकीट काढून द्यायची, सुधारानी घ्यायची. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. एकदा मी त्या गाडीत होतो. गर्दीत सुधारानी उभी होती, हातात चेंडूंची जाळी. नेत्रावतीनं आपली कंडक्टरची सीट रिकामी ठेवून दाराशी जाऊन उभं राहणं पसंत केलं. सुधारानी त्या सीटवर बसली नाही. एक म्हातारी येऊन बसली.

आता गेल्या वर्षीचं सांगतो. कलबुर्गीत विभागीय खो-खो स्पर्धा होत्या. सुधारानीच्या संघातली ज्योती नावाची मुलगी चार दिवस सरावाला आली नाही. चौकशी केली तर कळलं, कुणीतरी तिच्या वडिलांचे कान भरले होते. बाप, अंबाजी नाव त्याचं, पोरीला घराबाहेर सोडायला तयार नव्हता. सुधारानी दोनदा त्याच्या घरी जाऊन आली. तुम्ही मॅडम, तुम्ही पोरींचीच बाजू घेणार, असं म्हणून त्यानं तिला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीत चढली. तिकीट घेताना, पंधरा वर्षांत पहिल्यांदा, तिनं नेत्रावतीला नावानं हाक मारली. ड्यूटी किती वाजता सुटते, विचारलं. मग म्हणाली, “माझ्यासंगं एका घरी ये. तू काय केलीस ते तिथं सांग.”

नेत्रावती दुपारी खाकी कपड्यांतच तिच्याबरोबर गेली. अंबाजी अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होता. नेत्रावतीनं काही लपवलं नाही. दळण न्यायचा बहाणा, ते खोटं वाक्य, मैत्रिणीचं बुडालेलं वर्ष, सगळं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर शेजारी उभ्या असलेल्या सुधारानीकडं हात केला. “ती मैत्रीण ही. माझ्यासारखंच कुणीतरी तुमच्याकडं येऊन गेलंय, अण्णा. त्याचं ऐकायच्या आधी तुमच्या पोरीला एकदा इचारा.”

अंबाजी हातातलं दांडकं ठेवून आत गेला. आत काय बोलणं झालं ते दोघींना ऐकू आलं नाही. बाहेर आला तेव्हा त्यानं सुधारानीला एवढंच विचारलं की कलबुर्गीला कोणत्या दिवशी निघायचं.

परतताना फाट्यापर्यंत दोघी चालत आल्या. फाट्यावर सुधारानी म्हणाली, “आज आलीस, बरं झालं. पण याच्यानं आपलं मिटलं असं धरू नको.”

“न्हाई धरत,” नेत्रावती म्हणाली.

हे मला नेत्रावतीनं सांगितलं, माझ्या घरी बसून, चहा घेताना. मला वाईट वाटलं आणि ते तोंडावर दिसलं असावं, कारण तीच मला समजवायला लागली. म्हणाली, “सर, त्या दिवशी पायऱ्यांवर ती माफ केले म्हणाली असती तर मी गिरणीत गेलेच नसते. झालं म्हणून घरी जाऊन झोपले असते. ती खोटं बोलली न्हाई म्हणून मला खरं बोलावं लागलं. माझ्यावर तिचे उपकार हायत. तिला ते सांगायची माझी लायकी न्हाई, म्हणून तुमाला सांगायलीय.”

कलबुर्गीत त्यांचा संघ उपांत्य सामन्यात हरला. ज्योतीनं एकटीनं पाच गडी बाद केले होते. सामना संपल्यावर सुधारानीनं अंबाजीला फोन लावून तो आकडा दोनदा सांगितला, असं मी ऐकलं.

मी आता सत्तरीला आलोय. गुडघे दुखतात, तरी महिन्यातून एकदा हुमनाबादला कामाशिवायही जातो. नेत्रावती मला बघून पुढच्या दारातून चढायला लावते आणि ड्रायव्हरला सांगते, जरा थांबा, सर बसायलेत. कधी सुधारानीही गाडीत असते. ती मागून नमस्कार करते. दोघींना एकमेकींकडं न बघता माझ्याशी बोलता येतं आणि मी दोघींचंही ऐकतो. एवढं मला मिळतंय, ते माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे.