लेथला हळदकुंकू, मुलांना बंदी

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

धायरीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये आज एक मुलगी नोकरीसाठी आली. यवतमाळची, मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष नुकतंच संपलेलं, मार्क उत्तम. मी विचारलं, "लेथवर काम केलंयस का?"

"कॉलेजात लेथ आहे, सर. पण हात लावला तो फक्त खंडेनवमीला, हळदकुंकू वाहताना."

मला वाटलं, चेष्टा करतेय. बघतो तर डोळे भरलेले. "सगळीकडे हेच विचारतात, सर, आणि परत पाठवतात."

तिच्यासमोरच तिच्या सरांना फोन लावला. ते अगदी शांतपणे म्हणाले, "अहो, मुलं मशीन बिघडवतात. मग तपासणीला कमिटी आली की आम्ही दाखवायचं काय?"

"मुलं दाखवा की, सर!" एवढं म्हणून फोन ठेवला. नाहीतर तोंडातून भलतंच गेलं असतं. अहो, मी स्वतः मशीन बिघडवत, मालकाच्या शिव्या खातच शिकलो!

मुलीला सोमवारपासून बोलावलंय. पगार देईन आणि शिकवीनही. पण तिच्या वर्गातल्या बाकीच्यांनी कुठं जायचं?

पालकहो, प्रवेश घेताना तुम्ही इमारत बघता, कॅन्टीनसुद्धा बघता. तिथल्या मुलांच्या हाताला कधी तेल लागतं का, हे तुमच्यापैकी कुणी विचारलंय?