भुसा आणि त्याचं कपाट

भुसा कुणाच्याही घरी गेला की आधी त्यांचं लाकूड वाजवून बघायचा. चपला काढायच्या आधी दारावर टकटक, आत आल्यावर टेबलावर, मग खुर्चीच्या पाठीवर. आमच्या देव्हाऱ्याकडे तो लांबूनच अशा आशाळभूत नजरेनं बघायचा की माझी आई त्याला चहा देताना मुद्दाम मध्ये उभी राहायची. बोट वाकवून दोनदा ठोकायचं, कान जवळ न्यायचा आणि निकाल द्यायचा. "सागवान. वाजतं छान." नाहीतर नुसतं, "प्लाय." हे 'प्लाय' तो अशा आवाजात म्हणायचा की यजमानाला आपण शिळं वाढलंय असं वाटावं.

ही सवय मंडईतली. त्याच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या चाचांचा, तिथे फळांचा गाळा आहे. कलिंगड ठोकून आत काय आहे ते सांगायचं हे घरातल्या सगळ्यांनाच येतं. भुशानं तो कान लाकडाला लावला, एवढंच. चाचा म्हणायचे, "आमचं पोरगं फळ सोडून पेटीला ठोकतंय. पण ठोकतंय बरोबर."

एकदा मुलगी बघायला गेला होता. समोर शिरकुर्म्याच्या वाट्या आल्या, आणि ह्यानं वाटी उचलायच्या आधी टीपॉय ठोकला. मुलीचे वडील कौतुकानं म्हणाले, "खास बनवून घेतलाय, अस्सल सागवान." भुसा म्हणाला, "नाही हो काका, फसवलंय तुम्हाला. वरून नुसती सागवानाची पट्टी मारलीये." स्थळ अर्थातच गेलं. मी त्याला विचारलं, "गप्प बसता येत नव्हतं?" तर म्हणे, "उद्या ते दुसरं काहीतरी त्याच सुताराकडून घेतील त्याचं काय?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खरं नाव मोहसीन. पण केसांत, भुवयांत, शर्टाच्या खिशात कायम लाकडाचा भुसा, म्हणून कॉलेजात भुसा झाला तो झालाच. आमचा तिघांचा बँड होता. तो गिटार वाजवायचा आणि गायचा, मी बास वाजवायचे, ओंकार ड्रम्स. नोकऱ्या लागल्या तरी आम्ही दर रविवारी सकाळी चाचांच्या गाळ्यामागच्या खोलीत जमायचो. आंब्याच्या दिवसांत तिथे बसायला जागा नसायची, पेट्यांवर बसून वाजवायचं आणि घरी गेल्यावर कपड्यांतून गवत झटकायचं.

ओंकारला पहिला पगार झाल्यापासून एकच ध्यास. भुशानं एखादी सिग्नेचर मॉडेल गिटार घ्यावी. म्हणजे कुणातरी नामांकित वादकाच्या पसंतीनं बनवलेली, वर त्याची सही असलेली. "अरे, त्याचा साउंड मिळतो आयता," ओंकार म्हणायचा. भुसा शांतपणे म्हणायचा, "त्याचा मिळतो ना? मग त्यालाच दे." एकदा ओंकार हट्टालाच पेटला, तेव्हा मात्र भुसा चिडून बोलला होता. "त्या माणसानं स्वतःच्या हाताला बरी वाटेल अशी करून घेतली. शहाणा आहे तो. मी त्याची विकत घेतली तर मी त्याच्यासारखा कसा झालो? त्याच्यासारखं व्हायचं तर माझ्या हाताला बरी वाटेल अशी मला करावी लागेल." मला त्या दिवशी हे पटलं आणि अजून पटतं. ओंकार म्हणाला, "हौसेला मोल नाही," आणि फळकुटं आणायला त्याच्याबरोबर जुन्या बाजारात गेला.

तिथे एका मोडक्या कपाटाची सागवानी दारं मिळाली. दोन फळ्या एकावर एक चिकटवून त्यानं गिटारचं अंग कापलं. तारांचा आवाज पकडणारे पिकअप घरीच केले, आईच्या शिलाई मशीनच्या मोटरवर तांब्याची बारीक तार गुंडाळत. तार तुटायची, हा शिव्या घालायचा, पुन्हा पहिल्यापासून. मोडेन पण वाकणार नाही असा बाणा, आणि त्याच्या गिटारची मान पहिल्याच पावसाळ्यात वाकली! दुसरी मान केली. ती बरी निघाली, पण तिच्यावरच्या सुरांच्या पट्ट्या चुकीच्या अंतरावर बसल्या आणि प्रत्येक सूर शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसू लागला. तिसरी केली. मी म्हटलं, "अरे, लोक दुकानात जाऊन तासाभरात गिटार घेऊन येतात." तो म्हणाला, "येऊ देत की. मी कुठे अडवतोय?"

गिटार अखेर झाली. वजनाला दगड, रंग आजोळच्या कपाटासारखा. ओंकारनं नाव ठेवलं 'कपाट', आणि भुशालाच ते सगळ्यात आवडलं. आवाज मात्र, काय सांगू! जाडसर, थोडा घोगरा, सर्दी झालेल्या माणसानं मनापासून गावं तसा. भुशाला आता एकच गोष्ट हवी होती. आपण केलेली ही गिटार एकदा भरल्या मैदानात वाजावी आणि लोकांनी ती ऐकावी. बघून हसले तरी चालेल, पण ऐकावी. त्यासाठी तो वर्षभर दिसेल त्या आयोजकाच्या मागे लागला, आणि फोटो बघून प्रत्येकानं विचारलं, "दुसरी नाही का गिटार?"

शेवटी एका संध्याकाळच्या कार्यक्रमात आम्हाला घेतलं. प्रायोजक गिटारी विकणारे, त्यामुळे अट अशी की प्रमुख गिटारवादकानं त्यांचं सिग्नेचर मॉडेल वाजवायचं. त्यांचा काळ्या टी-शर्टमधला माणूस ती गिटार घेऊनच उभा होता. लखलखीत, सुंदर. खोटं कशाला बोलू, माझेसुद्धा हात शिवशिवले. भुशानं ती घेतली, पाठीवर दोनदा ठोकलं, ऐकलं. "चांगली आहे हो," तो म्हणाला. "फोटो काढा, हवा तेवढा वेळ धरून उभा राहतो. वाजवणार मात्र माझी." तो माणूस म्हणाला की मग तुम्हाला वाजवता येणार नाही. भुसा म्हणाला, "बरं," आणि कपाट खोळीत भरायला लागला. मी बास खाली ठेवला. आणि ओंकार, ज्यानं इतकी वर्षं त्याच गिटारचा जप केला होता, तो उठून म्हणाला, "आमच्यानंतर कोण आहे? त्यांना आत्ताच बोलवा, तयारी करायला वेळ लागेल." त्यांची पुढची मंडळी अजून वाहतुकीत अडकली होती. मग काय, झक मारत आम्हाला कपाटासकट स्टेजवर सोडलं.

दुसऱ्या गाण्यात कपाट बंद पडलं. एकदम ठार. मैदानात हशा, शिट्ट्या, कुणीतरी ओरडलं, "सुताराला बोलवा!" काळा टी-शर्ट ती लखलखीत गिटार घेऊन पळत आला. भुशानं त्याला हातानंच थांबवलं आणि माइकवर म्हणाला, "सुतार इथेच आहे. वायर सुटलीये, जोडतोय. ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल घरी जावं." मग मांडी घालून बसला, खिशातून पेचकस काढला, आणि सगळ्या मैदानासमोर गिटारचं पोट उघडलं. मी बासवर एकच ओळ घोळवत राहिले, ओंकारनं ठेका धरला. लोक आधी हसत होते, मग तालावर टाळ्या वाजवू लागले. त्यानं वायर दातांनी सोलली, पिळून बसवली, उठला आणि वाजवलं. तो घोगरा आवाज मैदानभर गेला. नंतर कुणीही हसलं नाही. माझे डोळे वाहत होते, पण हात रिकामे नव्हते पुसायला.

त्यानंतर आम्हाला बोलावणी येऊ लागली, कपाटासकट. आणि त्याच पावसाळ्यात भुशाला डेंग्यू झाला. चांगला धडधाकट माणूस, आठवड्याभरात गेला. अजून लिहिताना राग येतो मला. दुःख वगैरे नंतरचं, आधी रागच.

महिन्याभरानं एका कॅफेवाल्याचा फोन आला. गिटार काचेच्या पेटीत लावू, खाली त्याचं नाव, वर दिवा. ओंकारला पटलं होतं, "निदान जपली तरी जाईल." आम्ही चाचांना विचारायला गेलो. ते संत्री लावत होते. हात न थांबवता म्हणाले, "पोरानं ती वाजायला केली का टांगायला?" आणि आत जाऊन कपाट आणून माझ्या हातात दिलं. "तुला येतं ना? ने." मग मात्र पाठ फिरवून लावलेलीच संत्री पुन्हा लावू लागले.

बास मी दुसऱ्याला दिला आणि कपाट वाजवायला घेतलं. जमेना. मान त्याच्या रुंद पंजासाठी केलेली, पेट्या उचलणाऱ्या हातासाठी. माझी बोटं अर्ध्यातच थकायची, अंगठा सुजायचा. सहन करत राहिले, त्याची आठवण म्हणून. आणि एका रविवारी मला स्वतःचीच चीड आली. गाळ्यामागच्या खोलीत त्याची कानस होती, ती उचलली आणि मान मागून घासायला घेतली.

ओंकार ओरडलाच, "अगं काय करतेस! त्याच्या हातची आहे ती!"

"त्याच्या हाताची आहे, म्हणून तर," मी म्हटलं. "माझ्या हाताला बसत नाही."

तो माझ्याशी पुढचे दोन रविवार बोलला नाही. मी घासत राहिले. पॉलिश गेलं, त्याच्या अंगठ्यानं पडलेला काळपट डागही गेला. तो जाताना मी हमसून हमसून रडले, पण कानस थांबवली नाही. एका जागी जरा जास्तच गेली, तिथे आता तार फरफरते. फरफरू दे. ती चूक माझी आहे आणि तीही मीच काढीन. ज्यांना ऐकवत नाही त्यांनी काचेतल्या गिटारी बघत बसावं.

पुढच्या शनिवारी आमचा कार्यक्रम आहे. ऐकायला तो हवा होता. नाहीये तो. म्हणून गप्प बसू? नाही बसणार.