तोंडानं घ्यायचं औषध

वणीजवळच्या राजूरच्या पलीकडे तेव्हा एक लहानशी खाजगी कोळसा खाण होती. माझी आत्या वच्छलाबाई तिथे वरच्या अंगाला काम करायची. बायकांना खाली उतरायची मनाई होती, म्हणून त्या वर आलेल्या कोळशातले दगड वेचत. तिचे यजमान नागोराव खाली होते, छताला लाकडी टेकू देणाऱ्या टोळीत. माणूस उंच, बोलायला थोडा. छप्पन साली दोघं नागपूरला दीक्षा घेऊन आले, आणि त्यानंतर आत्यानं एक गोष्ट कायमची सोडली. साहेबासमोर चपला हातात घेऊन उभं राहणं. लोक म्हणत, वच्छलाची मान ताठ झाली. ती म्हणायची, "मान होतीच बापा, आता वर केली एवढंच."

एकसष्टच्या उन्हाळ्यात नागोरावांना दम लागू लागला. अंग उतरलं, पण पोटाची डावी बाजू मात्र फुगत चालली. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली म्हणून पोटावर डाग द्यायला सांगितलं. आत्यानं ऐकलं नाही. ती त्यांना खाणीच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथले डॉक्टर गुंडावार वणीचेच, तरुण, जरा चिडके, पण हाताला सच्चे. त्यांनी रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि चिठ्ठी देऊन नागपूरला पाठवलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यानं सांगितलं की रक्ताचा कॅन्सर आहे. सावकाश चालणारा आहे, बरा होत नाही, पण नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्यांनी काही वर्षं चांगली जातात. रोज घ्यायच्या आणि आठवड्याला रक्त तपासायचं.

गोळ्या नागपूरलाच मिळत. इवल्याशा, पांढऱ्या. पहिल्या खेपेलाच दोघांची महिन्याची मजुरी गेली आणि वर आत्याच्या पायातले तोडे गेले. दुसऱ्या खेपेला शेळ्या गेल्या. पण गुण आला. पोट उतरलं, नागोराव दोन घास जास्त जेवू लागले.

मग पावसाळ्याच्या तोंडावर पोट पुन्हा वाढायला लागलं. आत्याला कळेना. गोळ्या तर चालू होत्या. एक दिवस नवऱ्याची बंडी धुवायला घेतली तर खिशात कागदाच्या पुडीत गोळ्या सापडल्या. एक दिवस खायची, एक दिवस ठेवायची, असं चाललं होतं.

"हे काय जी?" तिनं विचारलं.

नागोरावांनी पुडी तिच्या हातातून घेऊन पुन्हा बांधली. मग म्हणाले, "पुरवून खाऊन राह्यलो. घरात इकाले काही उरलं नाही, वच्छला."

आत्या रडली नाही. तिला राग आला, आणि तो नवऱ्यावर नव्हता. ती तशीच, हाताला साबण लागलेला, दवाखान्यात गेली.

खाणीचा नियम असा होता: दवाखान्यात दिलेलं औषध, सुई, मलमपट्टी, नागपूरला भरती करावं लागलं तर तो खर्च, हे सगळं खाणीकडे. घरी नेऊन खायचं बाहेरचं औषध मात्र ज्याचं त्यानं आणायचं. डॉक्टरांनी हे तिला आधीही सांगितलं होतं. आता तिनं पुन्हा सांगायला लावलं.

"म्हंजे याच दवाईची सुई असती तं खाणीनं देल्ली असती?"

"हो. पण सुई नाही ना. गोळी आहे."

"अन् तोंडानं घेतली म्हून आमची?"

"तोंडानं म्हणून नाही, बाई. घरी नेऊन घ्यायची म्हणून. नियम मी नाही केला."

"हिवतापाचं कडू पानी तुमी आमच्या तोंडातच ओतता, डाक्टरसाहेब. त्याचे पैशे कुठी घेता?"

"ते इथं पिता. माझ्यासमोर."

"मंग याइलेही गोळी इथंच देजा," आत्या म्हणाली. "घरी नेतच नाही. रोज आनतो मी त्याइले तुमच्यासमोर."

डॉक्टरांना ते पटलं. ते उठले, कोट घातला आणि म्हणाले, "चला मॅनेजरकडे."

मॅनेजरसाहेबांनी ऐकून मान हलवली. "आज एकाला दिल्या तर उद्या दहा येतील. माणसासाठी वाईट वाटतं, पण ही खाण आहे, धर्मशाळा नाही."

डॉक्टर म्हणाले, "साहेब, गोळ्या थांबल्या तर हा माणूस अंथरूण धरणार. मग नागपूरला भरती, रक्त चढवणं, क्ष-किरणांचे शेक. ते नियमाप्रमाणे आपल्याचकडे आहे, आणि ते गोळ्यांहून पुष्कळ महाग पडेल."

मॅनेजर विचारात पडले. आत्या मध्येच बोलली. तिचं ते बोलणं टोळीत पुढं कितीतरी वर्षं सांगत. "सायेब, खाली छत ज्याइच्या टेकूवर उभं हाय, त्याइले वर कोनी टेकू द्याचा का नाही?"

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "गोळ्या खाण आणील. पण रोज स्वतः यायचं. कंपाउंडरसमोर गिळायची. ज्या दिवशी आला नाही त्या दिवसाची गोळी घरी मिळणार नाही."

"येतीन," आत्या म्हणाली.

अट सोपी वाटली, पण वस्ती आणि दवाखाना यांच्यामध्ये नाला होता. नागोराव तेव्हा दहा पावलांत बसत. आत्या त्यांचा हात खांद्यावर घेऊन पहाटे निघायची, त्यांना गोळी द्यायची, व्हरांड्यात बसवायची आणि दगड वेचायला जायची. दुपारच्या सुट्टीत परत घरी पोचवायची. श्रावणात नाला भरला तेव्हा नागोरावांच्या टोळीतले खेमसिंगकाका तांड्यावरून दोन भाऊ घेऊन आले. त्यांनी नागोरावांना बाजेवर बसवलं आणि बाज डोक्यावर घेतली. पाणी छातीला लागत होतं. वरून नागोराव ओरडत होते, "अरे, राहू द्या रे, एक दिवस नाही खाल्ली तं मरत नाही मी!" खालून खेमसिंगकाका म्हणाले, "तू नाही मरत गा, पन तुही बायको आमाले जित्तं ठेवत नाही!" आत्या पलीकडच्या काठावर पोचून ओल्या लुगड्यानं उभी होती. ती हसली. त्या वर्षात ती पहिल्यांदा हसली, असं काका सांगतात.

दिवाळीपर्यंत पोट बसलं. नागोराव चालत येऊ लागले, मग कामावरही आले. खाली नाही, वरच्या दिव्यांच्या खोलीत, कामगारांचे दिवे पुसून, भरून द्यायला. गोळ्यांनी त्यांचं अंग काळवंडलं. पोरं म्हणायची, खाली उतरायचे तेव्हा बाबा गोरे होते, वर आले अन् काळे झाले. ते स्वतःही हसत.

मॅनेजरचं एक म्हणणं मात्र खरं ठरलं. दहा जण आले. खोकल्याच्या रोगाचे, म्हणजे क्षयाचे, लोक वस्तीत पुष्कळ होते. त्यांच्या सुया खाणीकडून मिळत, पण सोबतच्या गोळ्या नाहीत. सुई संपली की लोक थांबत आणि पुन्हा रक्त ओकत. डॉक्टरांनी नागोरावांचं उदाहरण पुढं केलं आणि सकाळी दवाखान्याची मागची खिडकी उघडी ठेवायला लावली. खिडकीशी यायचं, पाण्याचा घोट, गोळी, जायचं. ज्यांना बरं वाटू लागलं की कंटाळा यायचा, त्यांच्या दारात आत्या जाऊन उभी राहायची.

"रुपीबाई, निंघ."

"आज नाही वं, मले बरं हाय आता."

"बरं हाय म्हूनच चाल. बरं नसतं तं मी कायले आली असती? चौघं आले असते."

रुपीबाई शिव्या देत निघायची. ती अजून आहे, नातवंडं खेळवते.

नागोराव सहासष्टच्या हिवाळ्यात गेले. शेवटी गोळ्या लागू पडेनात. डॉक्टरांनी ते आधी आत्यालाच सांगितलं आणि तिनं नवऱ्यापासून लपवलं नाही. जाण्याआधी दोन दिवस ते मला म्हणाले, "पाच वर्ष जास्तीचे भेटले मले. पोट्टीचं लगन पाह्यलं. तुह्या आत्यानं मागून आनले." घरात कर्ज नव्हतं. जमिनीचा तुकडा नव्हता, तसा आधीही नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या कामावर गेली. वाटेत रुपीबाईच्या दारात थांबली. रुपीबाई अवघडून म्हणाली, "आज तरी राहू दे, वच्छला. तुह्या घरी दुःख हाय."

"माह्या घरी दुःख हाय," आत्या म्हणाली, "तुह्या घरी कायले आनतं? पदर घे, चाल."

आणि दोघी नाल्याच्या वाटेला लागल्या.