बुध-शुक्र-रविवारचा मेंदू

माझी वाट कशी लागता लागता राहिली ते सांगते. पण आधी तोंडातला चहा गिळा, नाहीतर नाकातून येईल!

तर मी पीएचडी करते. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात आमची लॅब आहे. पक्षाघाताने ज्यांचा हात लुळा पडलाय, त्यांच्यासाठी आम्ही मनगटावर बांधायचा एक पट्टा केलाय. पेशंटने घरी व्यायाम केला, की मनगट किती वेळा फिरलं ते पट्टा मोजतो आणि आकडा थेट माझ्या लॅपटॉपवर येतो. आकडा कमी पडला, तर पेशंटच्या मोबाइलवर लाल अक्षरांत मेसेज जातो : 'आपण मनावर घेत नाही आहात!' तो मेसेज माझाच. मला त्याचा फार अभिमान होता.

आता आमच्या धंद्यात माणसाची किंमत कशावर ठरते? तुमच्या लेखाचा उल्लेख दुसऱ्या किती संशोधकांनी केला, त्यावर. माझे लेख तीन, मिळून उल्लेख दोन. दोन्ही मीच केलेले! फेलोशिप वाढवून हवी असेल तर एक तरी दणदणीत लेख हवा, असं माझ्या गाइड सरांनी सांगून ठेवलं होतं.

आणि मला सावंत काका सापडले.

राहणार घाटकोपर, मूळचे मालवणकडचे, उजवा हात गेलेला. पहिल्या आठवड्यात त्यांचा आकडा जवळजवळ शून्य. शनिवारी काकूंबरोबर लॅबमध्ये आले, तेव्हा मी त्यांना असं झापलं की शेजारच्या गाळ्यातली मशीनसुद्धा गप्प झाली असेल. "काका, तुम्हाला बरं व्हायचंय की नाही? मग मी इथे कशाला बसलेय?" काका मान खाली घालून बसले. काकू नुसत्या पट्ट्याकडे बघत होत्या.

पुढच्या आठवड्यापासून आकडा आभाळात!

रोज सकाळी दहाला मनगट गरागरा फिरायला लागायचं. आणि खरी गंमत पुढेच. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी आकडा दुप्पट. सोमवारी, गुरुवारी एकदम खाली. तीन महिने, एकही आठवडा चुकला नाही. मी म्हटलं, सापडलं! मेंदू स्वतःची दुरुस्ती ठरावीक वारांच्या तालावर करतो! जगात कुणाला दिसलं नव्हतं, ते नाहूरच्या पोरीला दिसलं!

सर म्हणाले, "एकदा त्यांच्या घरी जाऊन बघून ये."

"सर, सेन्सर खोटं बोलत नाही."

"अगं, पण त्यांचा हात अजून तसाच आहे."

"मेंदूत बदल आधी होतो सर, हातात नंतर."

काय उत्तर होतं! माझं मलाच पटलं.

काका दर शनिवारी चाचरत म्हणायचे, "गो चेडवा, माका एक सांगूचा आसा." मी म्हणायची, "काका, तुम्ही नका बोलू, तुमचा डेटा बोलतोय." शेवटी बिचाऱ्यांनी सांगायचंच सोडलं.

लेख पाठवायचा शेवटचा दिवस नेमका रविवार. दुपारी सुरमईचं सार ओरपून मी लॅपटॉप उघडला. सगळं तयार, पडद्यावर काकांचा आलेख, फक्त बटण दाबायचं. तेवढ्यात लसूण सोलत सोलत आई मागे येऊन उभी राहिली.

"हे काय गं उंच उंच?"

"पेशंटचं मनगट रोज किती फिरतं ते. तुला नाही कळणार, आई."

"बुध, शुक्र, रवि... सकाळी दहा..." आईचा लसूण थांबला. "कुणाच्या घरी मासे कधी करतात, ते कशाला लिहून ठेवलंयस?"

"आई! हा मेंदू आहे!"

"मग तो सोमवार-गुरुवार पाळतो काय? आणि मनगट कसं फिरतं म्हणालीस?"

मी चिडून हात फिरवून दाखवला.

"हं," आई म्हणाली, "नारळ खवतायत."

माझं बोट बटणावर होतं हो! तसंच उचललं आणि काकांना फोन लावला. "काका, पट्टा कोण बांधतं?" पलीकडून, "फोन काकूक देतंय."

काकू म्हणाल्या, "तेंका त्या पट्ट्यान खाज येता. तू परत वरडशीत म्हणान मीच बांधतंय, वाटपाचो नारळ खवताना." आणि वर काळजीने, "कित्या गो, आकडो कमी पडलो काय? उद्यापासून दोन नारळ खवतंय!"

मी लॅपटॉप खाडकन मिटला. हसू की रडू? लेख छापून आला असता आणि मग कुणी पकडलं असतं, तर फेलोशिप सोडा, या क्षेत्रात कुणी दारात उभं केलं नसतं. मी आईला इतकी घट्ट मिठी मारली की लसणाची ताटली उपडी झाली.

आणि जन्मभर माशांच्या दिवशी खोबऱ्याचं वाटप खाऊन मोठी झालेली मी! मला तो आलेख ओळखता आला नाही!

ती मुदत हुकली, पण मी लेख पुन्हा लिहिला आणि दुसरीकडे पाठवला. खरं काय झालं ते सगळं सांगितलं : पट्टा किती फिरला ते नंतर, आधी तो कुणाच्या हातात आहे ते घरी जाऊन बघा. आभार, सावंत काकूंचे. आणि काय सांगू, असे पट्टे बनवणारा जो तो आता माझ्या लेखाचा उल्लेख करतो! 'अशी चूक होऊ शकते' एवढं म्हणण्यापुरता, पण करतो. फेलोशिप वाढली.

आता मी बुधवारी काकांच्या घरी जाते. काकू विळीवर बसतात, काका उजव्या हाताने नारळाची वाटी फिरवायचा प्रयत्न करतात. आकडा एवढासाच येतो, पण काकांचा स्वतःचा. मी ओरडत नाही. जेवूनच येते.

परवा आईने विळी पुढे सरकवली. "खोबऱ्यावर एवढं लिहिलंस ना? आता एक नारळ खवून दाखव."

मी ऐटीत एक पट्टा माझ्या मोबाइलला जोडून मनगटावर बांधला. अर्ध्या वाटीतच मनगट गळालं, आणि मोबाइल वाजला. लाल अक्षरांत, माझ्याच शब्दांत :

'आपण मनावर घेत नाही आहात!'